सोडता न येणारे सभासदत्व

समाजमाध्यमे सोडता येत नाहीत याचे खापर आपल्याकडे सहसा माणसाच्या मनावर फोडले जाते. सवय जडली, मोह सुटत नाही, संयम उरला नाही, असे निदान करून प्रवचनकार, समुपदेशक आणि घरातली वडीलधारी मंडळी मोकळी होतात. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यातला रोजचा व्यवहार बारकाईने पाहिला तर हे निदान अपुरे वाटू लागते. कंटाळून फेसबुक बंद केलेली, मुलांच्या परीक्षेसाठी इन्स्टाग्राम काढून टाकलेली माणसे इथे पुष्कळ भेटतात. व्हॉट्सॲप बंद करून वर्षभर टिकलेला माणूस मात्र विरळा. तिन्ही ॲपे एकाच मेटा कंपनीची आहेत आणि नजर खिळवून ठेवण्याच्या युक्त्या फेसबुक-इन्स्टाग्रामपाशीच जास्त आहेत. मग जे मोहक ते सुटते आणि जे रुक्ष ते सुटत नाही, हे कसे?

माझे म्हणणे असे की खाते एका माणसाच्या नावावर असले तरी त्याचा उपयोग त्याच्या गोतावळ्याच्या हाती असतो. बाहेर पडण्याची किंमत तो गोतावळा ठरवतो. आणि ज्याला बाहेर पडणे परवडतच नाही, त्याच्याकडून घेतलेल्या संमतीला फारसा अर्थ उरत नाही. त्यामुळे खासगीपणाचा प्रश्न आणि बाहेर पडण्याचा प्रश्न वेगवेगळे घेऊन चालणार नाही. एकाचा निकाल लागल्याशिवाय दुसऱ्याचा लागत नाही.

‘सोडले’ कधी म्हणायचे

बोलताना आपण सगळ्यालाच ‘सोडले’ म्हणतो. विवेचनाला इतके ढोबळ चालणार नाही. ग्रुप म्यूट करणे ही सगळ्यात वरवरची पायरी. आपल्या कानाला शांतता मिळते, बाकी काहीच बदलत नाही. ॲप फोनमधून काढले तरी खाते जागच्या जागी राहते. ग्रुपच्या यादीत नाव दिसते, लोक मेसेज पाठवत राहतात, ते एका टिकवर अडकतात आणि पाठवणाऱ्याला वाटते की फोन बंद असेल. फेसबुकचे खाते ‘डीॲक्टिव्हेट’ केले की प्रोफाइल दिसेनासे होते, माहिती मात्र कंपनीकडेच राहते. कायमचे पुसायचे तर आधी ३० दिवसांची मुदत असते, त्या काळात लॉगिन करून विनंती मागे घेता येते. पुढे सगळी माहिती पुसली जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात, असे कंपनीच सांगते. व्हॉट्सॲपचे खाते पुसले की ग्रुपमधून नाव निघते, पण आजवर पाठवलेला प्रत्येक फोटो आणि प्रत्येक व्हॉइस मेसेज ज्याच्या-त्याच्या फोनात शिल्लक राहतो.

ग्रुपमधून बाहेर पडणे ही तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सोपी आणि माणसांच्या दृष्टीने सगळ्यात अवघड कृती आहे. ऑगस्ट २०२२पर्यंत कोणी ग्रुप सोडला की सगळ्यांना तशी ओळ दिसायची. आता ती फक्त ॲडमिनला दिसते, पण आधीच्या ६० दिवसांत कोण बाहेर पडले याची यादी ग्रुपातल्या कोणालाही उघडून पाहता येते. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत ॲडमिन म्हणजे बहुधा सेक्रेटरी. तो खालच्या मजल्यावर राहतो आणि संध्याकाळी जिन्यात भेटतो. “काका, ग्रुप का सोडलात? आमचं काही चुकलं का?” हा प्रश्न आपुलकीने विचारलेला असतो आणि नेमका म्हणूनच त्याला उत्तर देता येत नाही. मला माझा नंबर दीडशे लोकांना दिसायला नको आहे, हे कारण कोणाला पटत नाही. रुसलेत, मेंटेनन्सच्या वादावरून रागावलेत, असाच अर्थ निघतो. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी पुन्हा ॲड करतो. कोणी आपल्याला ग्रुपात ओढावे याची निवड करण्याची सोय व्हॉट्सॲपने एप्रिल २०१९मध्ये दिली, पण ती सेटिंगच्या आत दोन-तीन पायऱ्या खाली आहे. ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज, त्या ज्येष्ठांपर्यंत ती क्वचितच पोचते.

ही वाट कंपनी मुद्दामही अरुंद करू शकते. जुलै २०२३मध्ये मेटाने थ्रेड्स हे ॲप सुरू केले तेव्हा इन्स्टाग्रामवरून एका टॅपमध्ये तिथे जाता येत होते. थ्रेड्सचे प्रोफाइल पुसायचे तर मात्र सबंध इन्स्टाग्राम खातेच पुसावे लागे. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये ही अट गेली. प्रवेश आणि निर्गमन यांतले हे अंतर पुढे कायद्याच्या चर्चेत पुन्हा येईल.

सभासदत्वाची आपली जुनी कल्पना किती वेगळी होती ते पाहायला ठाण्यातच उदाहरण आहे. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३पासून चालू आहे. ग्रंथालयाचा सभासद पुस्तके परत करतो, अनामत परत घेतो आणि जातो. त्याच्या जाण्याने शेजाऱ्याला पुस्तक मिळायचे थांबत नाही, आणि गेल्यावर तो काय वाचतो याच्याशी ग्रंथालयाला कर्तव्य उरत नाही. समाजमाध्यमाच्या सभासदत्वात या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत.

कोणाच्या नजरेपासून

खासगीपणा म्हटले की आपण एकदम कंपनीपाशी जातो. प्रत्यक्षात नजरा तीन आहेत: ओळखीच्यांची, सरकारची आणि कंपनीची. आपल्या भागातल्या माणसाला पहिला चटका बहुधा ओळखीच्यांच्या नजरेचा बसतो.

या जिल्ह्याने याचे देशभर गाजलेले उदाहरण पाहिले आहे. पालघर २०१२ साली ठाणे जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ला. १७ नोव्हेंबर २०१२ला बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले, दुसऱ्या दिवशी सगळे व्यवहार बंद होते. पालघरच्या एका तरुणीने या बंदबद्दल प्रश्न करणारी पोस्ट फेसबुकवर लिहिली आणि तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. स्थानिक तक्रारीवरून दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. न्यायालयाने जामीन दिला, ठाणे ग्रामीणचे तेव्हाचे पोलीस अधीक्षक निलंबित झाले, पुढे प्रकरणही मिटवण्यात आले. दोघींवर लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ या घटनेमुळे देशाच्या नजरेत भरले आणि श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले. खासगीपणाच्या बाजूने मला त्यात दिसते ते असे. छोट्या गावात ऑनलाइन ओळख आणि घरचा पत्ता वेगळे नसतात. कोणी पोस्ट लिहिली, ती कोणाची पुतणी, काकांचा दवाखाना कोणत्या रस्त्यावर, हे शोधायला तिथे संगणकतज्ज्ञ लागत नाही. वाक्य लिहिल्यापासून दवाखान्याची काच फुटेपर्यंत एवढा कमी वेळ गेला की पोस्ट पुसण्याला किंवा खाते बंद करण्याला काही अर्थच नव्हता. मोठ्या शहरात अनोळखीपणाचा जो आडोसा असतो तो इथे नाही, आणि डोंबिवली लोकसंख्येने कितीही वाढली तरी नाक्या-नाक्यावर ती अजून गावच आहे.

दुसरा धडा खास ठाण्याचा आहे. २०१८च्या जानेवारी-फेब्रुवारीत ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने लोकांच्या फोनचे कॉल रेकॉर्ड बेकायदा मिळवून विकणारे जाळे उघडकीस आणले. त्यात खासगी गुप्तहेर पकडले गेले. विकला जाणारा माल काय होता ते लक्षात घ्यावे. त्याला सीडीआर म्हणतात. त्यात संभाषणातला एकही शब्द नसतो. कोणत्या नंबरने कोणत्या नंबरला किती वाजता फोन केला, किती सेकंद बोलणे झाले, त्या वेळी फोन कोणत्या टॉवरच्या हद्दीत होता, एवढाच तो कागद. तरीही त्याला गिऱ्हाईक होते. रात्री साडेअकराला रोज एकाच नंबरवर वीस मिनिटे बोलणे होते, एवढे कळले तर काय बोलले हे संशय घेणाऱ्याला ऐकावे लागत नाही.

व्हॉट्सॲपच्या बाबतीत जी गफलत सर्रास होते तिचे निरसन या प्रकरणात आहे. एप्रिल २०१६पासून तिथले मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत कुलूपबंद जातात. कंपनीला मजकूर वाचता येत नाही, हे खरे आहे आणि ते मोलाचे आहे. पण कोण, कोणाशी, कधी, किती वेळा, कोणत्या ग्रुपात, कोणत्या फोनवरून, हा तपशील मजकुराच्या बाहेरचा आहे. ठाण्याच्या प्रकरणात लोक ज्यासाठी पैसे मोजत होते तो याच जातीचा. “माझ्या मेसेजमध्ये लपवण्यासारखे काय आहे?” हा प्रश्न म्हणून चुकीच्या जागी बोट ठेवतो. लपवायचे असो वा नसो, माणसाच्या आयुष्याचा आराखडा मजकुराशिवायही काढता येतो.

वाचल्याची निळी टिक हीसुद्धा अशीच एक नोंद. जून २०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका क्रेडिट कार्ड कंपनीच्या वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस बजावली गेल्याचे मान्य केले, कारण ती पोचल्याचे आणि उघडल्याचे टिकवरून दिसत होते. न्यायालयाची भूमिका व्यवहार्यच होती. तरी घरगुती गप्पांसाठी म्हणून घेतलेले साधन बघता बघता न्यायालयीन पुराव्याचे साधनही झाले, आणि घेताना हे कोणाच्या मनातही नव्हते.

दुसऱ्याच्या फोनमधले आपण

खासगीपणाचा नेहमीचा उपदेश ‘आपली माहिती आपण जपावी’ असा असतो. तो बरोबर असता तर बरे झाले असते. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात एप्रिल २०१८मध्ये फेसबुकने भारताचे जे आकडे दिले ते डोळ्यांपुढे ठेवावेत. माहिती गोळा करणारे चाचणीचे ॲप भारतात बसवलेल्यांची संख्या होती ३३५. माहिती गेली असण्याची शक्यता असलेल्या भारतीयांची संख्या ५,६२,४५५. म्हणजे जवळपास सगळ्यांनी स्वतः काहीही केले नव्हते. त्यांच्या फेसबुक मित्रांपैकी कोणीतरी एक चाचणी सोडवली होती, एवढेच. एप्रिल २०२१मध्ये ५३ कोटींहून अधिक फेसबुक खात्यांचे फोन नंबर आणि इतर तपशील उघड्यावर आले, त्यात भारतातली सुमारे ६० लाख होती. ते खरवडून काढण्यासाठी वापरली गेलेली सोय कोणती? फोनबुकातले नंबर टाकून ओळखीचे लोक शोधण्याची.

फोनबुक हा या सगळ्याचा मर्मबिंदू आहे. माझा नंबर माझा आहे असे मी म्हणतो, पण तो माझ्या मावसभावाच्या, गॅसवाल्याच्या, मुलीच्या क्लासच्या, जुन्या ऑफिसातल्या माणसांच्या फोनात साठवलेला आहे, बहुधा नावापुढे ‘पाइपलाइन रोड’ किंवा ‘कोपर ब्रोकर’ असा शेरा मारून. व्हॉट्सॲप वापरणाऱ्याच्या फोनबुकातले नंबर जुळवणीसाठी कंपनीकडे जातात. जे वापरत नाहीत त्यांचेही जातात. त्यांचे नंबर ओळखता येणार नाहीत अशा रूपात ठेवतो, असे कंपनी म्हणते. तसे असेलही. तरीही माझ्याबद्दलचा हा व्यवहार दुसऱ्या दोघांत झाला आणि मला कोणी विचारले नाही. मी खाते पुसले तरी तो थांबत नाही. उलट कोणाकोणाच्या फोनबुकात मी आहे ते एकत्र केले तर मी नसतानाही माझ्या ओळखीपाळखीचा नकाशा तयार होतो.

किंमत कोण ठरवतो

अर्थशास्त्रात हा विषय जुना आहे. टेलिफोनची मागणी इतरांकडे टेलिफोन असण्यावर अवलंबून असते, हे जेफ्री रोल्फ्स यांनी १९७४मध्ये रीतसर मांडले. त्याचाच परिणाम म्हणजे सगळे आत असताना एकट्याने बाहेर पडणे महाग आणि सगळे मिळून बाहेर पडणे स्वस्त. लिओनार्दो बुर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर अलीकडे केलेला अभ्यास मला या विषयातला सर्वांत उद्बोधक वाटतो. चार आठवडे एकट्याने टिकटॉक बंद ठेवायला विद्यार्थ्यांनी सरासरी ५९ डॉलर मागितले, इन्स्टाग्रामसाठी ४७. पण आपल्यासह सगळ्यांचेच बंद होणार असेल तर? त्यासाठी हेच विद्यार्थी उलट पदरचे पैसे द्यायला तयार होते: टिकटॉकसाठी २८ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी १०. म्हणजे जे नको आहे त्यातच लोक राहतात, कारण एकटे बाहेर राहणे त्याहून नको असते. याला मोह म्हणणे अन्यायाचे आहे.

आपल्या भागात हा हिशेब डॉलरमध्ये होत नाही. पाण्यात होतो. जलवाहिनी फुटली, शटडाउन आहे, उद्या संध्याकाळी कमी दाबाने पाणी येईल, टँकर सांगायचा का, त्यासाठी प्रत्येक घराला किती पडतील, हे सगळे सोसायटीच्या ग्रुपवर ठरते. जो तिथे नाही त्याची बादली रिकामी राहते. शाळेचे वेळापत्रक, पावसाची सुट्टी, स्कूल बस निघाल्याची खबर पालकांच्या ग्रुपवर. सकाळच्या फास्ट लोकलच्या नेहमीच्या मंडळींचा ग्रुप वेगळा: गाडी दहा मिनिटे लेट, ठाण्याला गर्दी फार, आज दिव्याला चढू नका. प्रवासाची अधिकृत माहिती देणारी ॲपे आहेत, पण प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या माणसाने पाठवलेल्या ओळीची बरोबरी त्यांना करता येत नाही. २३ मे २०२४ला डोंबिवली एमआयडीसीतल्या अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. अशा दुपारी कोण सुखरूप आहे, कोणता रस्ता बंद आहे, हे लोक ग्रुपवर विचारतात, कारण इतक्या जणांना एकदम विचारण्याची दुसरी जागाच राहिलेली नाही. आणि डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीत, सिडनीत, म्युनिकमध्ये आहे. आई-वडिलांना नातवाचा चेहरा रोज दिसतो तो याच खिडकीतून. त्यांना खासगीपणाचे व्याख्यान देण्याआधी दुसरी खिडकी दाखवावी लागेल.

दुसरीकडे जाण्याचा प्रयत्न लोकांनी केला नाही असे नाही. जानेवारी २०२१मध्ये व्हॉट्सॲपने खासगीपणाचे नवे धोरण जाहीर केले: ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर खाते वापरता येणार नाही. मोठी खळबळ झाली, लोकांनी सिग्नल हे दुसरे मेसेज ॲप उतरवून घेतले, इतकी गर्दी झाली की जानेवारीच्या मध्यात सिग्नलची सेवाच काही काळ कोलमडली. कुटुंबांचे, मित्रांचे सिग्नल ग्रुप निघाले. पण ग्रुपातली दोन माणसे आली नाहीत की सगळ्यांनाच दोन्हीकडे लिहावे लागते, आणि न येणारी दोघे सहसा आजी आणि सोसायटीचा सेक्रेटरी. काही आठवड्यांत ते ग्रुप थंडावले. कंपनीने मुदत १५ मेपर्यंत पुढे ढकलली आणि लोकांनी ‘मान्य’ दाबले. २०२५च्या सप्टेंबरमध्ये झोहोच्या अरट्टै या देशी ॲपकडे अशीच लाट गेली. एकाच वेळी सगळा गोतावळा हललेला आपल्या पिढीने एकदाच पाहिला, ऑर्कुटवरून फेसबुककडे जाताना. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झाले तोवर तिथे कोणी उरलेच नव्हते. पण ऑर्कुटवर पाण्याचे वेळापत्रक येत नव्हते. त्यामुळे ती हलवाहलव जमली यावरून पुढचीही जमेल, असे धरता येत नाही.

जिने ॲप कधी उघडलेच नाही

आतापर्यंत ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनी निदान एकदा ‘मान्य’ दाबले होते. घोडबंदर रोडवरच्या, पलावातल्या, कल्याणच्या खडकपाड्यातल्या नव्या संकुलांत एक वर्ग असा आहे की ज्याने तेही केलेले नाही.

अशा संकुलाच्या गेटवर एक ॲप चालते. घरकामाला येणाऱ्या बाईचे नाव, फोटो, मोबाइल नंबर पहिल्याच दिवशी घेतले जातात, बहुधा ओळखपत्राच्या फोटोसह. तिला चार-सहा आकडी पासकोड मिळतो. रोज सकाळी ती तो वॉचमनला सांगते, वॉचमन टॅबवर टाकतो, आणि ती ज्या-ज्या घरी कामाला जाते त्या प्रत्येक घरी सूचना जाते: आली. निघताना पुन्हा: गेली. महिन्याच्या शेवटी हजेरीचा तक्ता तयार. अनेक ठिकाणी रहिवाशांना तिला तारे देता येतात, शेरा लिहिता येतो, आणि नवी बाई शोधणाऱ्या कोणत्याही घराला तिचे नाव, ती किती घरी काम करते आणि कोणत्या वेळेला मोकळी आहे हे पाहता येते.

ही बाई दिव्याच्या चाळीतून येते. ती किती वाजता कामाला येते आणि किती वाजेपर्यंत घरी नसते, हे तिच्या ओळखीच्या नसलेल्या शेकडो माणसांना पाहता येते. एका घरी खाडा करून दुसरीकडे तातडीचे काम केले, असे आता होऊ शकत नाही. पूर्वी “ताई, आज बरं नाही” एवढे पुरायचे, आता त्याची पडताळणी होते. कोणी दोन तारे दिले तर कोणी दिले, का दिले हे तिला कळत नाही, उत्तर लिहायला जागा नाही, कारण तिच्या फोनात ते ॲपच नसते. तिचे खाते नाही म्हणून पुसण्याचे बटणही नाही. ती एवढेच करू शकते की त्या गेटमधून आत यायचे थांबवायचे, म्हणजे चार घरांचा पगार सोडायचा.

रहिवाशांच्या सुरक्षेची काळजी मला खोटी वाटत नाही. गेटवर नोंद पूर्वीही होत असे, जाड पुठ्ठ्याच्या वहीत, वॉचमनच्या अक्षरात. पण त्या वहीतली पाने कोणी बेरीज करून पाहत नव्हते, ती संकुलाबाहेर कोणा कंपनीकडे जात नव्हती आणि वर्षअखेरीस रद्दीत जात असे. विसरण्याची ही सोय गेली. खासगीपणाच्या चर्चेत मध्यमवर्ग नेहमी स्वतःला पाहिला जाणारा समजतो. गेटच्या ॲपमध्ये पाहणारे आपण आहोत. व्हॉट्सॲपच्या धोरणावर जानेवारी २०२१मध्ये चिडलेल्या घरांनी याच काळात आपल्या बाईचा फोटो विनासंकोच अपलोड केला, ही विसंगती मला फार खुपते.

संमती आणि कायदा

कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. फेसबुकने व्हॉट्सॲप २०१४मध्ये विकत घेतले. २०१६मध्ये व्हॉट्सॲपने माहिती फेसबुकला द्यायचे ठरवले तेव्हा दोन विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २३ सप्टेंबर २०१६च्या आदेशात न्यायालय म्हणाले की २५ सप्टेंबरच्या आत जे खाते पुसतील त्यांची माहिती सर्व्हरवरून पूर्ण पुसावी. जे राहतील त्यांची त्या तारखेपर्यंतची माहिती फेसबुकला देऊ नये, असेही म्हणाले. दोन दिवसांची वाट! तेवढ्यात कोणता गोतावळा हलतो? २४ ऑगस्ट २०१७ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०२१च्या ‘मान्य करा नाहीतर जा’ धोरणावर भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ला मेटाला २१३.१४ कोटी रुपये दंड केला आणि जाहिरातींसाठी इतर मेटा कंपन्यांना माहिती देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. अपिलात राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५मध्ये दंड कायम ठेवला, पाच वर्षांची बंदी मात्र काढली.

आयोगाच्या विचाराची दिशा मला अचूक वाटते. त्याने संमतीकडे बाजारातल्या ताकदीच्या बाजूने पाहिले: दुसरीकडे जाता येत नसेल तर ‘हो’ म्हणणे हे ‘हो’ नव्हे. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा याउलट एकेकट्या माणसापासून सुरू होतो. त्यात चांगल्या तरतुदी आहेत. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे, असे कलम ६ सांगते. थ्रेड्ससारखी अट त्यात बसणार नाही. माहिती पुसून मागण्याचा हक्क कलम १२मध्ये आहे. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यांत १८ महिने दिले आहेत. दोन कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाने तीन वर्षे न फिरकलेल्या माणसाची माहिती पुसावी, असाही नियम आहे. पण आपली माहिती उचलून दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क, जो न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८च्या मसुद्यात होता, तो अंतिम कायद्यातून गळला आहे.

आणि तो असता तरी अर्धेच काम झाले असते. मला माझे जुने फोटो नकोत, सोसायटीचा उद्याचा मेसेज हवा आहे. भारतात मोबाइल नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ला देशभर लागू झाली, आणि ती उपयोगी पडली कारण नव्या कंपनीच्या सिमवरून जुन्या कंपनीच्या माणसाशी बोलता येतेच. मेसेज ॲपांमध्ये हे दुसरे अंग नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्याने २०२४पासून व्हॉट्सॲपवर बाहेरच्या ॲपांशी मेसेजची देवाणघेवाण खुली करण्याचे बंधन घातले. ते अवघड आहे, कुलूपबंद मेसेज दोन वेगळ्या ॲपांतून नेताना सुरक्षा सांभाळावी लागते. पण एकट्याला बाहेर पडता येईल इतकी किंमत खाली आणणारा दुसरा उपाय मला दिसत नाही. भारतीय कायद्याने इथे युरोपच्या मागे राहण्याचे काही कारण नाही. व्हॉट्सॲपचे सर्वाधिक वापरकर्ते याच देशात आहेत.

फलक, नोंदवही, ठराव

दिल्लीत कायदा बदलेपर्यंत ठाण्या-डोंबिवलीत हातावर हात धरून बसावे लागेल असे नाही, कारण किमतीचा मोठा हिस्सा इथेच ठरतो. महापालिकेने, शाळेने, सोसायटीने एखादी गोष्ट फक्त खासगी कंपनीच्या ॲपवर सांगायची ठरवली की त्या कंपनीची सक्ती आपणच आपल्या माणसांवर करतो. पाणीकपात साध्या एसएमएसवर कळू शकते. शाळेची सुट्टी शाळेच्या फोनवरच्या ध्वनिमुद्रित संदेशात सांगता येते. सोसायटीच्या प्रवेशद्वाराशी काचेचा सूचनाफलक आजही असतो. उपविधींनुसार तो असावाच लागतो, पण त्यावर गेल्या गणपतीची वर्गणी-यादी लटकत असते.

सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तिच्या विषयपत्रिकेत तीन ठराव सहज बसतात. ग्रुपवर टाकलेली प्रत्येक सूचना त्याच दिवशी फलकावर लावावी, आणि ग्रुपात नसलेल्या सभासदाला ती मिळाली नाही तर ‘तो ग्रुपात नव्हता’ ही सबब समितीला सांगता येऊ नये. सभासदाला विचारल्याशिवाय ग्रुपात घेऊ नये, आणि बाहेर पडलेल्याला कारण विचारू नये. गेटच्या ॲपवर कामगारांचे तारे आणि शेरे बंद करावेत, फोटो आणि ओळखपत्र काम सुटल्यावर ठरावीक दिवसांत पुसावे आणि पुसल्याची नोंद ठेवावी. आपल्याबद्दल काय साठवले आहे ते बाईला मराठीत किंवा तिच्या भाषेत वाचून दाखवावे, आणि पासकोड नको असेल तर वहीत सही करून आत येण्याची मुभा तिला द्यावी. तिसऱ्या ठरावाला विरोध होईल. तो ज्या घरांतून होईल, त्यांच्या स्वतःच्या हजेरीचा असा तक्ता कोणी ठेवत नाही, हे सभेत बोलून दाखवण्याचे काम कोणातरी सभासदाला करावे लागेल.